खरं वाटेल एवढंच वाक्य

गर्द, म्हणजे हेरॉइनची पूड, सोडली की आधी शरीर हिशोब मागतं. नाक गळतं, हाडं ठणकतात, पोटात मुरडा येतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. आम्ही पेशंट त्याला ‘टर्की’ म्हणतो. हेरॉइनच्या बाबतीत शेवटच्या डोसनंतर साधारण 8 ते 24 तासांत टर्की सुरू होते आणि 4 ते 10 दिवस चालते. मला डॉक्टरांनी बुप्रेनॉर्फिनची, म्हणजे टर्की आणि तलफ आवरणाऱ्या औषधाची, जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली. टर्की नीट सुरू झाल्याशिवाय ती देत नाहीत, कारण घाई केली तर त्रास उलट एकदम उसळतो. हे सगळं आधी सांगतोय, कारण चांगली वाक्यं म्हणून व्यसन सुटतं असा कुणाचा समज व्हायला नको. टर्कीत माझ्या कामी आली ती औषधं आणि रात्री जागणारी माणसं. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट्स येऊन जीवही जाऊ शकतो. तिथे तर डॉक्टरांशिवाय पाऊलही टाकू नये.

वाक्यांचं काम त्यानंतर सुरू होतं. शरीर निवतं आणि डोकं बोलायला लागतं. माझं डोकं दिवसभर एकच पालुपद म्हणायचं : तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही.

व्यसनमुक्ती केंद्रात सकाळच्या गटात आम्ही सगळे मोठ्याने म्हणायचो, ‘मी कणखर आहे. मी यशस्वी आहे. माझं स्वतःवर प्रेम आहे.’ काहींचे चेहरे खरंच उजळायचे. माझ्या आतून मात्र प्रत्येक वाक्याला लगेच उत्तर यायचं. ‘कणखर?’ म्हटलं की आईच्या कपाटातून काढलेले पैसे आठवायचे. गट संपल्यावर मी आधीपेक्षा जास्त खचलेला असायचो. समुपदेशक मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2009 मधला एक प्रयोग त्यांनी मला समजावून सांगितला. ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर मुळातच कमी होता, त्यांनी ‘मी प्रेम करण्याजोगा माणूस आहे’ असं पुन्हा पुन्हा म्हटल्यावर त्यांना आणखी वाईट वाटलं. ज्यांचा चांगला होता, त्यांना थोडं बरं वाटलं. मला हे ऐकून सुटल्यासारखं झालं. औषधाचा डोस प्रत्येकाला वेगळा लागतो, मग वाक्याचाही लागणारच.

मॅडम म्हणाल्या, “स्वतःची स्तुती लिहू नकोस. तुझं डोकं ज्याला खोटं म्हणूच शकणार नाही, असं काहीतरी लिही.” त्यांनी पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा एक जाड कागद दिला. हात अजून थरथरत होते, त्यामुळे अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं. लिहिलं ते एवढंच : ‘आज सकाळी मी गोळी घेतली. आज मी गर्दला हात लावलेला नाही.’ दात घासल्यावर हा कागद वाचायचा, मोठ्याने. आतून उत्तर येतंय का, याची मी वाट बघायचो. येत नव्हतं. जे घडलंय ते नाकारणार तरी कसं?

पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं, “नशा सोडून तुला कशाची पर्वा आहे?” मला बराच वेळ काही सुचेना. मग बहिणीच्या मुलाला अपूर्णांक शिकवले होते ते आठवलं. छेद समान करायचा म्हणजे काय, हे त्याला समजलं तेव्हा त्याचे डोळे कसे झाले होते, ते मी पानभर लिहून काढलं. क्लॉड स्टील या मानसशास्त्रज्ञाने 1988 मध्ये मांडलेला विचार असाच आहे, हे मला मागाहून कळलं. एका ठिकाणी माणूस कोसळला असला तरी आपल्या आयुष्यात मोलाचं दुसरं काय आहे, हे त्याने आठवलं की त्याला तोल सावरता येतो. कागदावर तिसरी ओळ आली : ‘मला शिकवायला आवडतं आणि मला ते जमतं.’ माझ्या सगळ्या वाक्यांत ही ओळ सर्वांत जास्त टिकली. तिच्यात व्यसनाचं नावही नाही.

तलफेचं मात्र वेगळं असतं. घरी आल्यानंतर एका संध्याकाळी जुन्या सोबत्याचा फोन आला. स्क्रीनवर नुसतं नाव दिसलं आणि पोटात कालवाकालव झाली, तोंडाला कोरड पडली, तळहात ओले झाले. अशा वेळी ‘मी मुक्त आहे’ म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण अंगाचा कण न् कण उलटं सांगत होता. व्यसनांवर काम केलेले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी तलफेला लाट म्हटलंय. ती चढते, माथ्यावर येते आणि खायला घातलं नाही तर ओसरते. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. मी पलंगाच्या कडेला बसलो, स्वतःला नावाने हाक मारली आणि म्हणालो, ‘ही तलफ आहे. चढली तशी उतरेल. तोवर तू फक्त इथे बसून राहा.’ दर श्वासाला तेच. घाम सुकला, मग मी भावाला फोन लावला. “दादा, जरा बोल माझ्याशी,” एवढंच म्हणालो. तो क्रिकेटवर बोलत राहिला. फोन कशासाठी, हे त्याने विचारलं नाही. याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे. त्या रात्री कागदावर आणखी एक ओळ चढली : ‘त्याचा फोन आला तर मी उचलणार नाही, दादाला लावीन.’ हे सकारात्मक वाक्य आहे का, असं कुणी विचारेल. माझ्या लेखी आहे, कारण त्यात पुढचं पाऊल ठरलेलं आहे.

आणखी एका ओळीबद्दल बोलायलाच हवं. ‘मी आता पूर्ण बरा झालो’ हे वाक्य मी कुणालाच देणार नाही. काही काळ नशा बंद राहिली की शरीराची सवय उतरते, आणि जो डोस एके काळी रोजचा होता, त्यानेच श्वास बंद पडू शकतो. केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे सुरुवातीचे आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. माझ्या कागदावर लिहिलंय : ‘माझं शरीर जुना डोस पेलणार नाही. पाय घसरलाच तर मी लपवणार नाही, त्याच दिवशी सांगेन.’ घरच्यांनाही ओव्हरडोसची लक्षणं आणि त्यावरचा उतारा असलेलं नॅलोक्सोन हे औषध कसं द्यायचं हे शिकवून ठेवलंय. हे वाचताना आई आधी रडायची. आता तीच विचारते, “कागद वाचलास का रे?”

सध्या डॉक्टर माझी गोळी अगदी हळूहळू कमी करताहेत, त्यामुळे ‘आज सकाळी मी गोळी घेतली’ या ओळीच्या जागी एक दिवस दुसरी ओळ लागणार आहे. ती अजून सुचलेली नाही. सोमवारी मॅडमसोबत बसून लिहायची आहे.