स्वतंत्र राष्ट्रे आणि सामायिक आकाश

१९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची स्थापना झाली तेव्हा सदस्य राष्ट्रे ५१ होती. आज ती १९३ आहेत. या वाढीत वसाहतींच्या मुक्तीचा मोठा वाटा आहे. एकट्या १९६० या वर्षात आफ्रिकेतील १७ देश स्वतंत्र झाले, ही मला विसाव्या शतकातील सर्वांत आशादायक घटनांपैकी एक वाटते. मात्र ध्वज आणि राज्यघटना हाती आल्यावरही कर्ज, चलन आणि कच्च्या मालाच्या किमती यांविषयीचे निर्णय बहुतेकदा दूरच्या राजधान्यांतच होत राहिले. म्हणूनच परस्परावलंबनाची भाषा बलवान राष्ट्राच्या तोंडी आली की दुबळ्याला तिचा संशय येतो, आणि तो संशय रास्त आहे.

तरीही समतेच्या पायावरचे परस्परावलंबन शक्य असते. १९८७ च्या माँट्रियल करारात ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांना आळा घालण्याचे ठरले, तेव्हा विकसनशील देशांना अधिक मुदत देण्यात आली आणि १९९० मध्ये त्यांच्यासाठी बहुपक्षीय निधीची तरतूद झाली. (ज्यांनी हानी अधिक केली त्यांनी भारही अधिक उचलावा, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे क्वचितच अमलात आले आहे.) पुढे जगातील सर्व राष्ट्रांनी या कराराला मान्यता दिली. त्यामुळे कोणाचेही स्वातंत्र्य उणे झाले नाही. उलट, एकट्याने कधीच राखता न येणारे आकाश राखण्याचे सामर्थ्य प्रत्येकाला मिळाले. हवामानबदलाच्या वाटाघाटींत श्रीमंत राष्ट्रे निधी देताना हात आखडता घेतात, तेव्हा मला हाच करार आठवतो आणि त्यांची सबब पटत नाही.