सत्कार राहू दे, मॅच लाव

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीचा वार्षिक मेळावा 6 जूनला, शिवराज्याभिषेकाच्या दिवशी. सकाळी पूजन, दुपारी बारक्या पोरांच्या स्पर्धा, संध्याकाळी सत्कार आणि जेवण. त्यातला सत्कार हा आमचा खरा खेळ. दहावी पास झालेल्या पोरापासून पेन्शनीत निघालेल्या आजोबांपर्यंत कुणाची सुटका नाही. फेटा, शाल, नारळ आणि वर चार भाषणं.

2024 चे सत्कारमूर्ती होते आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू. आम्ही त्यांना दादा म्हणतो. शाहू स्टेडियमवर आयुष्य गेलं, आता गुडघा ऐकत नव्हता. पण नेमकं त्याच संध्याकाळी सात वाजता कोलकात्याला भारत-कुवेत सामना होता, सुनील छेत्रीचा भारताकडून शेवटचा. अध्यक्ष माईक धरून उभे, आणि दादा खालून म्हणाले, "सत्कार राहू दे की आबा. मॅच लाव आधी."

लावली. गुरुवार असल्यामुळं तांबडा-पांढरा नव्हताच. आमटी-भात आणि बुंदीची ताटं मांडीवर घेऊन सगळी तालीम पडद्यासमोर बसली.

छेत्रीशी आमचं नातं जुनं. 2018 च्या जूनमध्ये अंधेरीला चायनीज तैपेईविरुद्ध त्यानं हॅट्‌ट्रिक केली, ती बघायला माणसं होती फक्त 2,569. मग त्यानं व्हिडिओ टाकला : शिव्या द्यायच्या तर द्या, पण स्टेडियममध्ये येऊन तोंडावर द्या. कोल्हापूरकरांना याहून सोपं आमंत्रण कुठलं? रात्रीच्या लक्झरीनं आम्ही पाचजण निघालो. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. स्टेडियम गच्च, वर धो धो पाऊस. भारत 3-0 नं जिंकला, त्यात त्याचे दोन. शेवटचा तर गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद. शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या.

2005 मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पहिला सामना, पहिला गोलही तिथंच. भारताची जर्सी पहिल्यांदा मिळाली तेव्हा तिच्यावर अत्तर फवारलं होतं, असं त्यानं निवृत्तीच्या व्हिडिओत सांगितलं. 94 गोल नावावर असलेला माणूस आठवण काढतो ती अत्तराची! आणि कोलकात्यात पत्रकार शेवटच्या सामन्याबद्दल विचारत होते तर त्याचं एकच म्हणणं, विषय मी नाही, विषय भारत आणि कुवेत आहे.

तसं म्हणायला कारणही होतं. त्या दिवशी जिंकलो असतो तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीचं दार जवळजवळ उघडलं असतं. सामना 0-0 सुटला. गोल नाही, विजय नाही. छेत्रीनं मैदानाला फेरी मारली, हात जोडले. सहकारी दोन रांगा करून टाळ्या वाजवत उभे राहिले आणि त्यांच्यामधून जाताना तो रडला. आमच्याकडं कुणी ताट उचलेना. रेफ्रीच्या सात पिढ्या उद्धरणारी माणसं, पण कुणाच्या तोंडून शब्द नाही.

अध्यक्षांनी पुन्हा माईक हातात घेतला, तर दादा जागेवर नाहीत. आतून हाक आली, "अजून कुणाला भात?" शेवटी वाढप्याचं पातेलं हातात असतानाच त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. फेटा बांधू दिला नाही. भाषण एका वाक्याचं : "गोल व्हायला पायजे होता रे त्याचा."

2025 च्या मार्चमध्ये छेत्री परत आला. शिलाँगला मालदीवविरुद्ध हेडरनं गोल, पंच्याण्णवावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांच्या सरावाला दादा बूट घालून हजर.

"शाल परत देऊ काय?" अध्यक्षांना विचारत होते.