दत्ता बायकोला बोलवत का नाही

सध्या लिहितोय त्या कथेतला दत्ता लातूरच्या मोंढ्यात मुनीम आहे. बायको माहेरी गेली की हा फोन करून ‘कधी येतीस?’ एवढंही विचारत नाही. तिला वाटतं, माणूस कोरडाय. पोरगी पुण्याहून विचारते, “पप्पा, दिवाळीला येऊ का?” हा म्हणतो, “तुझं तू बघ.”

कारण 1993 मधलं. धाकटी बहीण मामाकडं होती. ‘गणपती बुडवायला तिला आणा’ म्हणून दत्तानंच धिंगाणा घातला. ती आली. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाचा मणामणाचा भार. हा ओसरीवर झोपलेला, ती आत.

मायनं कधी बोल लावला नाही. (लावला असता तर बरं झालं असतं, असं मला लिहिताना सारखं वाटतं.) पण लेकरानं कुणाला ‘ये’ म्हणायचंच सोडलं.

मित्र म्हणतो, शेवटी मायलेकांना मोकळं रडू दे. मला नाही पटत. आमच्याकडं फार तर ‘जेवलास का?’ विचारतेत. त्यापेक्षा बायकोच एकदा न बोलावता येऊन कडाकडा भांडली तर? तेच लिहून बघतोय.