कांदा-लसूण मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्क : माझा अनुभव

ट्रेडमार्कचा अर्ज म्हणजे टीएम-ए फॉर्म. त्यात सगळ्यात जपून भरायचा रकाना कोणता, तर ‘हे नाव कधीपासून वापरात आहे’ हा. आमच्या कांदा-लसूण मसाल्याचा अर्ज मी भरला तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडी १९९८ होतं, पण २००६ च्या आधीचा एकही कागद हाताशी नव्हता. जुनी तारीख टाकायचा मोह होतोच, कारण नंतर कुणी तेच नाव नोंदवलं तरी आधीपासून सलग वापरणाऱ्याचा हक्क ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३४ खाली शाबूत राहतो. पण जुना वापर सांगितला की २०१७ च्या नियमांप्रमाणे प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात, आणि पुढे वाद झाला तर पहिला घाव याच तारखेवर पडतो. मी २००६ च लिहिलं.

पुरावा म्हणजे नेमकं काय, हे कागद काढून बसलो तेव्हा कळलं. छापखान्याच्या बिलावर ‘मसाला लेबल, ५००० नग’ एवढंच असेल तर ते कामाचं नाही, ब्रँडचं नाव त्यावर दिसलं पाहिजे. आमचं सगळ्यात उपयोगी पडलं ते एक जुनं, तेलकट लेबल : खाली ०२३१ या कोल्हापूरच्या कोडचा फोन नंबर आणि रबरी शिक्क्याने मारलेली पॅकिंगची तारीख. त्याच्या जोडीला दरवर्षाचं निदान एक विक्री बिल लावलं, म्हणजे वापर सलग दिसतो. थर्मल कागदावरची बिलं दोन-तीन वर्षांत पांढरी पडतात, त्यांच्या झेरॉक्स आजच काढून ठेवा.

अर्ज कुणाच्या नावाने, हा दुसरा अवघड मुद्दा. धंदा आता मी बघतो, पण परवाना आणि जुनी बिलं आईच्या नावावर. मी माझ्या नावाने अर्ज केला असता तर २००६ पासूनचा वापर माझा ठरला नसता, म्हणून अर्ज आईच्या नावाने केला. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला कायद्यात वेगळं अस्तित्व नसतं, म्हणून अर्जदार म्हणून दुकान नव्हे तर मालकाचं नाव, आणि दुकानाचं नाव ‘या नावाने व्यवसाय करणारे’ म्हणून. भागीदारी असेल तर सगळ्या भागीदारांची नावं हवीत.

फी एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका ठरलेल्या गटाला, ऑनलाइन ४,५०० रुपये. व्यक्तीला हीच फी लागते. भागीदारी फर्मला किंवा कंपनीला मात्र लहान उद्योग म्हणून उद्यम प्रमाणपत्र जोडावं लागतं, नाहीतर ९,०००. मसाला आणि गूळ वर्ग ३० मध्ये, लोणचं वर्ग २९ मध्ये, चप्पल वर्ग २५ मध्ये. आपण विकतच नाही त्या वर्गांत पैसे घालू नयेत.

अर्ज भरण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या, साइटवर शोध फुकट घेता येतो. फक्त तंतोतंत स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चाराने शोधायची सोय आहे तीही वापरा. नाव देवनागरीत असेल तर रोमन लिप्यंतर आणि अर्थ अर्जात द्यावा लागतो. लेबल काळ्या-पांढऱ्यात दिलं तर संरक्षण सगळ्या रंगांना मिळतं.

आणि ‘कोल्हापुरी’ हा शब्द. तो आपल्या एकट्याचा होत नाही. गावाचं नाव, मालाचं नाव यांवर कलम ९ ची हरकत येते. पूर्ण लेबल नोंदलं गेलं तरी कलम १७ प्रमाणे त्यातल्या ‘कोल्हापुरी’ किंवा ‘मसाला’ या शब्दांवर वेगळा हक्क मिळत नाही. चपलेच्या आणि गुळाच्या बाबतीत तर भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, तिथे कारागिराने चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची. देवाधर्माची नावंही जपून : उदबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नाकारलं होतं.

आमच्या अर्जावर ‘ऑब्जेक्टेड’ असं दिसलं आणि घरी सगळे घाबरले. ऑब्जेक्टेड म्हणजे रजिस्ट्रीच्या परीक्षकाची हरकत, ऑपोज्ड म्हणजे बाहेरच्या माणसाचा विरोध. दोन्ही वेगळ्या गोष्टी. परीक्षण अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अहवाल ईमेलवर येतो, म्हणून अर्जात सायबर कॅफेवाल्याचा नव्हे, स्वतःचा ईमेल हवा. वेळेत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. आम्ही उत्तरात एवढंच मांडलं की आमचं नाव माणसाच्या हाकेचं आहे, मालाचं वर्णन करणारं नाही, आणि सोबत बिलं पुन्हा जोडली. सुनावणी लागलीच तर ती व्हिडिओवर होते, मुंबईला जावं लागत नाही.

मान्य झाल्यावर नाव रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापून येतं आणि ४ महिने विरोधासाठी खुलं राहतं. विरोध आला तर त्याची नोटीस मिळाल्यापासून २ महिन्यांत प्रतिउत्तर द्यायचं. या काळात पैसे मागणारे फोन आणि पत्रंही येतात, कारण अर्जदाराचा पत्ता सगळ्यांना दिसतो. सरकारी फी फक्त पोर्टलवर भरा.

प्रमाणपत्र मिळेपर्यंत लेबलावर ‘टीएम’ चालतं. वर्तुळातला ‘आर’, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, आधी छापला तर दंड होऊ शकतो. नोंदणीची मुदत १० वर्षांची, आणि ती अर्जाच्या तारखेपासून मोजतात. आता आईच्या मृत्युपत्रात या नावाचा नोंदणी क्रमांकासह वेगळा उल्लेख केला आहे, दोन साक्षीदारांसमोर. पुढे ज्याच्याकडे ते जाईल त्याने टीएम-पी फॉर्म भरून रजिस्टरवर आपलं नाव चढवून घ्यायचं.