काजवे बघायला जाताय? टॉर्च घरी ठेवा

काजव्यांसाठी भंडारदऱ्याला जायचं तर शनिवार-रविवार टाळा. आम्ही मे अखेरीस, आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथल्या पांजरे गावात एका घरी उतरलो. तरी धरणाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर गाड्या होत्याच.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ते जाहीर झालं १९८६ साली. महादेव कोळी आणि ठाकर आदिवासींच्या वाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. उतारावर बांध घालून काढलेली भातखाचरं, राखलेली देवराई, सगळं पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाचं. ज्या जलाशयाचे आपण फोटो काढतो, तोही १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाचा. घरमालक मामांनी दुपारी भाजलेला राब दाखवला, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांसाठी तयार केलेली जागा. जमीन काळीभोर, राखेने मऊ झालेली. पाऊस आला की इथे भात पेरायचं आणि रोप वाढलं की खाचरात आवणी, म्हणजे लावणी.

रात्री निघताना मामांनी टॉर्च घरीच ठेवायला लावली. म्हणाले, "डोळं ठरू द्या जरा." खरंच, थोड्या वेळात पायवाट दिसू लागली. पुढे सादड्याचं एक झाड उभंच्या उभं लुकलुकत होतं. एका फांदीवर सुरू झालेली चमक झाडभर धावत जायची, विझायची, परत सुरू. हा सगळा खटाटोप जोडीदारासाठी. नर चमकून खुणावतो, मादी उत्तर देते. त्यात गाडीचा हेडलाइट पडला की दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही. काही जातींच्या माद्यांना तर उडताच येत नाही, त्या खाली गवतात असतात. अळ्याही ओल्या जमिनीतच गोगलगायी खाऊन वाढतात. म्हणून झाडाच्या बुंध्याशी गर्दी करणं मला फ्लॅश मारण्याइतकंच वाईट वाटतं.

तेवढ्यात एक गाडी हाय बीम टाकत आली, दारं आपटली, फोटो निघाले, गाडी गेली. मामा म्हणाले, "चहालासुद्धा थांबत न्हाईत." त्यांची तक्रार मला रास्त वाटली. उजेड आणि कचरा गावाला, जेवणाखाण्याचे पैसे मात्र शहरातल्या हॉटेलात! जंगल राखायचं ओझं गावावर असेल, तर मुक्कामाचा पैसाही गावातच पडायला हवा.

काजव्यांचे दोन-तीन आठवडे सरले की मामांच्या खोल्या रिकाम्याच. भातकापणीच्या वेळी या, म्हणाले. विळा चालवता येतो का, हेही विचारून घेतलं.