तारप्याकडे पाठ करायची नसते

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा मला सर्वांत आधी आठवले ते सातवीतले स्नेहसंमेलन आणि त्यात फसलेला आमचा तारप्याचा नाच.

आम्ही डहाणू-जव्हारकडची वारली मुले. भात तयार झाले की पाड्यावर रात्री तारपा घुमू लागे आणि कणसरीच्या, म्हणजे धान्यदेवीच्या, नावाने अंगणात नाच धरला जाई. तारपा म्हणजे वाळवलेला दुधी भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणारा गालांत हवा धरून ठेवतो आणि नाकाने श्वास घेत राहतो, म्हणून सूर मध्ये कुठे तुटत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती वेढा धरतात. सूर बदलला की सर्वांत पुढचा घोळकाठी जमिनीवर आपटतो आणि नवे पाऊल साखळीतून शेवटपर्यंत सरकत जाते. लहान मुलांना जागा मिळे ती शेपटाकडे. आतली माणसे सावकाश पावले टाकत असताना शेपटाला मात्र अक्षरशः धावावे लागते. माझे गुडघे त्या धावण्यातच फुटलेले आहेत.

संमेलनासाठी आम्हांला पाहुण्यांकडे तोंड करून एका ओळीत उभे केले होते आणि तारपा वाजवणाऱ्या आज्याला बाजूला, ध्वनिक्षेपकाजवळ बसवले होते. शिक्षकांचा हेतू चांगलाच होता. पण सूर निघाला आणि आज्या उठून चालत चालत रंगमंचाच्या मध्यावर आला. तारप्याकडे पाठ करायची नसते, एवढे आम्हांला पक्के ठाऊक होते. आम्ही सगळे वळलो, वेढा धरला आणि प्रमुख पाहुण्यांना आमच्या पाठीच तेवढ्या दिसल्या.

पुढे कितीतरी वर्षांनी वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे लक्षपूर्वक पाहताना त्या फजितीचा अर्थ मला लागला. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पांढऱ्या रेघांनी काढलेला तारप्याचा नाच आपण सर्वांनी पाहिला आहे. आता तर तो चहाच्या कपांवरही असतो. त्यात नाचाचा वेढा आकाशातून पाहिल्यासारखा दिसतो, माणसे मात्र बाजूने पाहिल्यासारखी असतात. समोर खुर्ची टाकून बसलेल्या कोणालाही हा नाच तसा दिसणार नाही. या नाचाला समोरची बाजूच नाही. त्याचे सौंदर्य शेजाऱ्याच्या कमरेवरच्या हाताला आधी कळते आणि डोळ्यांना त्यानंतर. बाया, पुरुष, म्हातारे, पोरे एकाच साखळीत असतात आणि एखाद्याने वेगळे उठून दिसायचा प्रयत्न केला तर साखळी तुटते. स्पर्धांतून पाच मिनिटांत बसवलेले, गाण्याची ध्वनिफीत लावलेले तारपा नृत्य मला म्हणूनच पाहवत नाही. सुराकडे कान देऊन पाऊल बदलण्याची त्यात कोणाला गरजच पडत नाही.

आपल्या मुख्याध्यापकांनी मात्र त्या संमेलनानंतर आम्हांला रागावण्याऐवजी आज्याला शाळेत बोलावून घेतले आणि दोघे बराच वेळ व्हरांड्यात बोलत बसले. पुढच्या वर्षी रंगमंच रिकामाच राहिला. मैदानात ध्वजस्तंभापासून थोडे दूर फक्कीने मोठे वर्तुळ आखले होते आणि खुर्च्या त्याच्या चहूबाजूंनी मांडल्या होत्या. आज्या मध्यभागी उभा राहिला. दुसरा वेढा संपेपर्यंत दोन शिक्षिका चपला काढून शेपटाला येऊन लागल्या होत्या आणि फक्कीची रेघ आमच्या पायांखाली पार पुसून गेली होती.