दोन गोळ्यांमधले दोन तास

"सिस्टर, एक दिवस चुकवत नाय. रातच्याला जेवण झालं की लाल आन् पांढरी, दोन्ही संगच घेते. मंग इसरत नाय."

सातवा महिना, पहिलटकरीण. तिला शाबासकी द्यावी की कपाळावर हात मारावा, कळेना. चूक तिची नव्हतीच. दोन्ही पाकिटं मीच तिच्या हातात दिली होती. बाहेर लसीकरणाची रांग होती, वेळा सांगायच्या राहून गेल्या.

लोह आणि कॅल्शियम एका वेळी पोटात गेलं की कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची एक गोळी सकाळच्या खाण्यासोबत, एक रात्रीच्या जेवणासोबत. लोहाची लाल गोळी दुपारी, जेवणानंतर दोन तासांनी. त्यावर चहा नको, लिंबूपाणी चालेल. चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियम द्यायचं, असं २०१४ पासून आपल्या सरकारी सूचनांत आहे.

तिची सासू सोबत होती. "ती पांढरी गोळी हाडासाठीच ना? आमी कुटं खाल्ली?"

हाडांसाठी आहेच, पण खरं कारण बीपीचं. आहारात कॅल्शियम कमी असेल तर रक्तवाहिन्या आवळतात आणि विसाव्या आठवड्यानंतर बीपी चढण्याचा धोका वाढतो, असं मानतात. १४०/९०च्या वर गेलं, लघवीत प्रथिनं आली, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया हा आजार झाला, की आम्हा सिस्टर लोकांची झोप उडते. गोळीने हा धोका कमी होतो, पण ती आधीपासून घेतली तरच. चढलेलं बीपी कॅल्शियमने उतरत नाही. झटक्यांची भीती असली तर लागतं ते दुसरंच खनिज, मॅग्नेशियम सल्फेट. रेफर करण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल टोचायचं. ते इंजेक्शन फार दुखतं. अशी एक बाई माझा हात इतका घट्ट धरून होती, की ॲम्ब्युलन्स निघाल्यावर मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ दिसले.

किती कॅल्शियम पुरे, यावर वाद होता. जागतिक आरोग्य संघटना दीड ते दोन ग्रॅम सांगत आली. बंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी ११,००० पहिलटकरणींवर अभ्यास झाला, २०२४च्या जानेवारीत छापून आला. रोज ५०० मिलिग्रॅम घेणाऱ्या आणि १५०० घेणाऱ्या बायकांत या आजाराचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, बंगळुरूत ३.० आणि ३.६ टक्के. मला यात दिलासा वाटतो. खडूसारख्या गोळ्या दिवसाला तीन गिळायला लावणं किती अवघड, ते गोळ्या वाटणाऱ्यालाच ठाऊक.

सासूबाईंना मी ग्वाटेमालाची गोष्ट सांगितली. तिथल्या माया बायका मका चुन्याच्या पाण्यात भिजवून शिजवतात. गरिबी असूनही त्यांच्यात हा आजार कमी दिसला, आणि १९८०च्या सुमाराला त्यावरूनच कॅल्शियमचा विचार पुढे आला. आपल्याकडे नाचणीची भाकरी आहे, तीळ आहेत, तेही सुनेला द्या म्हटलं.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग कनवटीची डबी काढून माझ्यापुढे धरली. "चुना तर माज्याकडंबी हाय की. ह्यातला दिऊ?"

डबीच्या दुसऱ्या कप्प्यात तंबाखू होती.